साडेतीन पीठे आणि आमच्या आया-बहिणी

घटस्थापना आठ दिवसांवर आली की मराठी वर्तमानपत्रांना देवीचा ताप चढतो. पहिल्या पानावर घट, आतल्या पानावर देवीची महती आणि पुरवणीत ती ठरलेली यादी : नवरात्रात दर्शन घ्यावे अशी देवीची मंदिरे. कोल्हापूर, तुळजापूर, माहूर आणि वणी ही साडेतीन पीठे तर असतातच. शिवाय अंबाजोगाईची योगेश्वरी, अमरावतीची अंबादेवी, कार्ल्याची एकवीरा, मुंबईची महालक्ष्मी. मंदिर कधी उघडते, एस.टी. कुठून सुटते, भक्तनिवासात खोली मिळते की नाही, गाडी कुठे लावायची, सगळे छापलेले असते. सोबत नऊ दिवसांचे नऊ रंग. हे रंग कुठल्याही पुराणात नाहीत. मुंबईतल्या एका मोठ्या दैनिकाने वीसेक वर्षांपूर्वी काढलेली ही टूम. आज ती हजारो वर्षांची परंपरा होऊन बसली आहे आणि सरकारी कचेरीतली, बँकेतली आपली शिकलेली मुलगीसुद्धा मैत्रिणींत वेगळे दिसायला नको म्हणून सोमवारी पांढरी आणि मंगळवारी लाल साडी शोधते.

वाचक म्हणतील, त्यांचा सण, त्यांची मंदिरे, त्यांची यादी. बावीस प्रतिज्ञा घेतल्यावर गौरी काय आणि अंबा काय, आपला संबंध संपला. व्यासपीठावरून बोलायला हे ठीक आहे. पण कोजागरीच्या आधी तुळजापूरच्या रस्त्याने अनवाणी चालणाऱ्या बायांमध्ये आपल्या वस्तीतल्याही असतात, हे चळवळीतला प्रत्येक कार्यकर्ता खासगीत कबूल करतो. घरात समोरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि आतल्या खोलीत फडताळात परडी. ही परडी पाहुणे आले की झाकली जाते. झाकून प्रश्न सुटत नाही, म्हणून हा लेख.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. कोणी कोणत्या देवीला जावे, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. संविधानाच्या कलम २५ ने हे स्वातंत्र्य सर्वांना दिले आहे आणि ते कलम लिहिणाऱ्या समितीचे अध्यक्ष कोण होते हे आपल्याला सांगावे लागत नाही. श्रद्धा असणाऱ्या माणसाची टिंगल करण्यात आम्हाला रस नाही. तक्रार आहे ती यादीबद्दल. यादी छापायची तर पूर्ण छापा. त्या मंदिराच्या दारात कोणाला अडवले होते, देवीची पालखी कोण करतो, देवीच्या नावाने कोणाची मुलगी गेली, हेही रकाने त्यात घाला.

अमरावतीपासून सुरुवात करू. अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून १९२७ साली वऱ्हाडात चळवळ उभी राहिली. डॉ. पंजाबराव देशमुख आणि गणेश आकाजी गवई हे त्यात पुढे होते. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी बाबासाहेब होते. मंदिराच्या पंचांनी मुदत मागितली म्हणून सत्याग्रह पुढे ढकलण्यात आला. यानंतर बरोबर सहा आठवड्यांनी, २५ डिसेंबरला, महाडला मनुस्मृती जळाली. म्हणजे चवदार तळे आणि नाशिकचा काळाराम यांच्या मध्ये एक देवीचे मंदिर उभे आहे. आपले लोक महाड आणि नाशिक पाठ म्हणतात, अमरावती मात्र विसरतात. यादी छापणाऱ्यांना तर ती आठवण्याचे कारणच नाही.

हा लढा दर्शनासाठी नव्हता, हे नव्या पिढीला पुन्हा सांगितले पाहिजे. पाच वर्षे काळारामाच्या दारात लाठ्या खाल्ल्यानंतर बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली आणि मंदिर प्रवेशाचा प्रश्नच मागे टाकला. दार उघडा, हे म्हणणे माणूस म्हणून हक्काचे होते. आत जाऊन हात जोडायचे की नाही, हा प्रश्न वेगळा होता. पुढे १९४७ साली मुंबई प्रांतात हरिजन मंदिर प्रवेशाचा कायदा झाला, १९५६ साली हिंदू सार्वजनिक पूजास्थानांच्या प्रवेशाचा कायदा झाला. कायद्याने दार उघडले त्याच १९५६ साली आपण त्या दाराकडे पाठ केली आणि नागपूरला गेलो. तोही दसराच होता. आपल्या दृष्टीने अशोक विजयादशमी.

मुंबईच्या सार्वजनिक नवरात्राचीही अशीच एक कथा आहे. १९२६ साली दादरच्या गणेशोत्सवात अस्पृश्यांनाही पूजेचा हक्क हवा म्हणून वाद झाला. प्रबोधनकार ठाकरे, रावबहादूर बोले आणि बाबासाहेब एका बाजूला उभे राहिले. त्या वादात गणेशोत्सव गुंडाळला गेला आणि प्रबोधनकारांनी दादरला सार्वजनिक नवरात्र सुरू केले. आज मुंबईत गल्लोगल्ली जे मंडप पडतात, त्यांतल्या किती मंडळांना आपल्या उत्सवाचे मूळ जातीच्या भांडणात आहे हे माहीत असेल?

आता कार्ला. लोणावळ्याजवळ एकवीरेच्या दर्शनाला कोळी, आगरी, सीकेपी समाज मोठ्या श्रद्धेने जातो. यादीत एकवीरेखाली पायऱ्यांची संख्या असते, रस्त्याची माहिती असते. ते मंदिर कशाच्या अंगणात आहे, हे एका शब्दाने असते का? भारतातल्या डोंगरात कोरलेल्या चैत्यगृहांपैकी सर्वांत मोठे चैत्यगृह तिथे आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. एकवीरेचे मंदिर त्याच्या थेट तोंडाशी आहे. चैत्याच्या एका बाजूला सिंहस्तंभ उभा आहे, दुसऱ्या बाजूला तसाच स्तंभ असावा त्या जागी आज मंदिर आहे. खांबांवरचे आणि भिंतींवरचे शिलालेख ब्राह्मी लिपीत आहेत. दान देणारे कोण? व्यापारी आहेत, यवन आहेत, धेनुकाकटाचा एक सुतार आहे, भिक्खुणी आहेत. एका बाईने, एका सुताराने आपले नाव दगडावर कोरून घेतले आणि ते दोन हजार वर्षे टिकले! मनुस्मृतीच्या देशात ही लहान गोष्ट नाही. आम्ही मंदिर हलवा असे म्हणत नाही. कोळी बांधवांची माय त्यांना लखलाभ. पण दर्शनाला आलेल्याने वीस पावले पुढे जाऊन चैत्यगृह पाहावे, एवढी एक ओळ छापायला शाई किती लागते?

कोल्हापूरला वळू. मूर्तीच्या हातात म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र, मागे सिंह. लोकांनी तिला अंबाबाई म्हटले. मग ती विष्णूची बायको महालक्ष्मी केव्हा आणि कशी झाली? दर नवरात्रात तिरुपतीहून शालू येतो आणि त्याची छायाचित्रे छापली जातात. स्वतंत्र देवीला नवरा चिकटवण्याचा हा उद्योग कोल्हापूरच्या अनेक अभ्यासकांना आणि कार्यकर्त्यांनाही मान्य नाही, हे नमूद केले पाहिजे. २०१७ साली पुजाऱ्याने देवीला घागरा-चोळी नेसवली तेव्हा शहर पेटले आणि वंशपरंपरेचे पुजारी हटवा अशी मागणी उठली. २०१८ साली विधिमंडळाने त्यासाठी कायदा मंजूर केला. शाहू महाराजांच्या गावात वेदोक्ताचे भांडण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाले. शंभराहून अधिक वर्षे उलटली, तरी गाभारा कोणाचा हा प्रश्न तिथेच.

आणि बाईचे काय? २०११ च्या एप्रिलपर्यंत सर्वसाधारण स्त्रीला या गाभाऱ्यात जाता येत नव्हते. देवी बाई, तिला न्हाऊ घालणारा, नेसवणारा पुरुष, आणि बाईने मात्र उंबऱ्याबाहेरून हात जोडायचे! आंदोलन झाले तेव्हा दार उघडले. तरीही २०१६ साली उच्च न्यायालयाने १९५६ च्या कायद्याची आठवण करून दिल्यानंतर एक महिला कार्यकर्ती गाभाऱ्यात गेली, तर तिला मंदिरात मारहाण झाली. बाबासाहेबांनी 'रिडल्स'मधल्या एका कोड्यात हाच धागा पकडला होता. वेदांतल्या देवी लढत नाहीत, देव लढतात. पुराणांत उलटे होते, देवी राक्षस मारतात आणि देव बाजूला बसतात. असे का झाले, असे त्यांनी विचारले. आपण पुढचा प्रश्न विचारू. हातात अठरा शस्त्रे दिलेल्या देवीच्या समाजाने हाडामांसाच्या बाईच्या हातात काय दिले? हिंदू कोड बिलात मुलीला वाटा द्यायचा म्हटल्यावर लक्ष्मीचे पूजकच आडवे आले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेब मंत्रिमंडळातून बाहेर पडले. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला आणि देशाने २००५ साली.

तुळजापूरबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण आपल्या लोकांची खरी ओढ तिकडे आहे. इथे भोपे पुजारी मराठा आहेत, त्यामुळे सगळे खापर भटजीवर फोडून मोकळे होता येत नाही. इथली मूर्ती हलवता येते. नवरात्राच्या आधी ती झोपवतात, दसऱ्याला पालखीत घालून सीमोल्लंघनाला काढतात आणि पुन्हा पलंगावर निजवतात. ती कोजागरीला उठते. ही पालखी येते अहिल्यानगर जिल्ह्यातल्या बुऱ्हाणनगरहून, तिचा मान तेली समाजाकडे. पलंग येतो पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावहून. संबळ वाजवणारा गोंधळी, कवड्यांची माळ घालणारी आराधीण, पोत पेटवून नाचणारा भुत्या, वाटेत गाठी-पत्री, हळदी-कुंकू विकणारे छोटे दुकानदार, सगळा बहुजन समाज. देवी चालते ती यांच्या खांद्यावर. आणि तिजोरी? दानपेटीच्या लिलावात १९९१ ते २००९ या काळात गैरव्यवहार झाल्याच्या आरोपाची चौकशी सीआयडीने केली. तरीही गुन्हा नोंदवा म्हणून २०२४ साली उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला आदेश द्यावा लागला. एवढी वर्षे! खांदे बहुजनांचे आणि किल्ली दुसऱ्याच्या हातात. हे भटशाहीपुरते नाही, ज्याच्या हातात किल्ली आली तो त्या किल्लीचा झाला. बहुजनवादाच्या गप्पा मारणाऱ्यांनी हे जरा शांतपणे वाचावे.

माहूरची कथा मला सर्वांत अस्वस्थ करते. रेणुका पाण्याला गेली, तिथे जलक्रीडा करणारा राजा पाहून तिचे मन क्षणभर चळले. नुसते मन. जमदग्नीने मुलांना आज्ञा दिली, आईला मारा. चौघांनी नकार दिला. बापाने त्यांना शाप दिला. पाचव्याने, परशुरामाने, कुऱ्हाड चालवली. नंतर वर मागून तिला जिवंत केले म्हणे. आज परशुरामाच्या जयंत्या होतात, मिरवणुका निघतात, त्याच्या नावाने महामंडळ निघते. आईवर हात उचलायला नकार देणारी ती चार मुले कोण होती? रुमण्वान, सुषेण, वसू, विश्वावसू. त्यांचे मंदिर कुठे आहे? कोणत्या यादीत आहे? माहूरला पूजा होते ती रेणुकेच्या मुखाची. धड नाही, हात नाहीत, पाय नाहीत. लोककथा याच्याही पुढे जाते. ती म्हणते, रेणुका पळून एका मातंग बाईच्या आसऱ्याला गेली आणि कुऱ्हाड त्या बाईवरही चालली. म्हणूनच रेणुका आणि यल्लमा यांच्या शेजारी मातंगीचे ठाणे असते. ब्राह्मण ऋषीच्या घरातल्या भांडणात आसरा देणाऱ्या मातंग बाईचाही जीव गेला. ही कथा रचणाऱ्याने नकळत या देशाचा इतिहास सांगून टाकला आहे.

वणीच्या गडाबद्दल फार लिहीत नाही. सप्तशृंगी हे अर्धे पीठ का, याची उत्तरे दहा जण दहा देतात. आपल्याकडे मुहूर्तसुद्धा साडेतीनच.

पण सौंदत्ती? यल्लमाचे सौंदत्ती बेळगाव जिल्ह्यात. कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडून गाड्या भरून लोक जातात. नवरात्राच्या रंगीत पुरवणीत या देवळाचे नाव सहसा नसते, कारण ते नाव घेतले की पुढचे बोलावे लागते. केसात जट आली, घरात आजारपण आले, मुलगा होत नाही, म्हणून मुलीला देवीला वाहायची. गळ्यात मण्यांची माळ बांधायची. माळ बांधली की तिला लग्न नाही, नवरा नाही, पण गावातल्या कोणालाही ती आहे. या मुली कोणाच्या होत्या? पाटलाच्या? कुलकर्ण्याच्या? बहुतेक सगळ्या महार, मांग, होलार, चांभार. जट देवीची असते तर ती वाड्यावर का येत नव्हती? १९३४ साली मुंबई प्रांताने देवदासी संरक्षणाचा कायदा केला, १९८२ साली कर्नाटकाने, २००५ साली महाराष्ट्राने. सत्तर वर्षांत तीन कायदे करावे लागले, यावरूनच पहिल्या दोघांनी काय झाले ते कळते. गडहिंग्लजला डॉ. बाबा आढाव आणि प्रा. विठ्ठल बन्ने यांनी देवदासींना संघटित केले, पेन्शनसाठी, घरासाठी, मुलांच्या शाळेसाठी लढे दिले. उत्तम बंडू तुपे यांनी 'झुलवा' लिहिली. या बायांनी स्वतः मोर्चे काढले. आज मुली सोडण्याचे प्रमाण खूप घटले आहे, ते या माणसांमुळे, देवीने स्वप्नात येऊन सांगितले म्हणून नव्हे.

आणि या सर्वांच्या आधी, जून १९३६ मध्ये, परळच्या दामोदर हॉलमध्ये एक सभा झाली. मुंबईतल्या देवदासी, पोतराज, भुत्ये, आराधी, जोगतिणी तिथे जमल्या होत्या. धर्मांतराला पाठिंबा द्यायला. विचार करा. धर्मांतराच्या घोषणेला एक वर्षही झाले नव्हते. सनातनी टपून बसले होते, बाबासाहेबांच्या मागे कोणत्या बाया आहेत पाहा, असे म्हणायला. तरी ते गेले. त्यांनी या लोकांना टाळले नाही आणि खोटे कौतुकही केले नाही. हे जिणे सोडा, माझ्याबरोबर यायचे असेल तर हे सोडूनच यावे लागेल, असे तोंडावर सांगितले. आधी जवळ घेतले, मग कठोर बोलले. आपण काय करतो? दुरूनच कठोर बोलतो.

मांढरदेवीचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. काळूबाईची जत्रा नवरात्रात नाही, पौषात भरते. २५ जानेवारी २००५ रोजी वाई तालुक्यातल्या त्या डोंगरावर चेंगराचेंगरी झाली, दुकानांना आग लागली, सिलेंडर फुटले आणि तीनशेच्या आसपास माणसे गेली. फोडलेल्या नारळांच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. अरुंद वाट, दोन्ही बाजूंना दुकाने, लाखोंची गर्दी. मेलेल्यांत बायका आणि मुले किती होती, ते तेव्हाच्या छायाचित्रांत दिसत होते. २००८ साली जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात चामुंडा देवीच्या दर्शनाला घटस्थापनेच्या पहाटे चेंगराचेंगरी झाली, दोनशेहून अधिक मेले. दोन्हीकडे चौकशी आयोग नेमले गेले. जिल्हाधिकाऱ्याने वाट रुंद करायची की देवीने, यावर आपल्याकडे अजून एकमत नाही.

हे सगळे सांगून झाले. आता आपल्या घरात येऊ.

वस्तीतली बाई तुळजापूरला, मांढरदेवीला, सौंदत्तीला का जाते? अडाणी आहे म्हणून, असे उत्तर कार्यकर्ता पटकन देतो. मला ते पटत नाही. ती चार घरची धुणीभांडी करते, मुलांच्या फीचा हिशेब तोंडपाठ सांगते, रेशन दुकानदाराशी भांडते. ती अडाणी नाही. नवरा पितो. पोरगा दहावी होऊन बसला आहे. सासू सारखी बोलते. मणक्यात दुखते आणि सरकारी दवाखान्यात दोन मिनिटांत गोळ्या हातात ठेवून पुढच्याला बोलावतात. वर्षातून एकदा ती चार बायांबरोबर निघते. रस्त्याने गाणी म्हणते, झाडाखाली भाकरी खाते, रात्री मोकळ्यावर झोपते. नवरा अडवत नाही, कारण देवीचे काम आहे. बाईला घराबाहेर एक रात्र काढायला या समाजाने दुसरे कोणते कारण ठेवले आहे?

आणि अंगात येणे. आपले तरुण यावर फार हसतात. जरा नीट बघा. एरवी जिचा आवाज घराबाहेर जात नाही, ती केस मोकळे सोडून घुमते आणि नवऱ्याचे नाव घेऊन त्याला जाब विचारते. सासू समोर येऊन पदर पसरते. सगळे म्हणतात, बोल माय, काय चुकले? त्या अर्ध्या तासात तिचे कोणीतरी ऐकते. ती उतरली की पुन्हा चुलीपुढे. मानसोपचाराचे डॉक्टर याला काय म्हणतात ते म्हणोत. मी याला दडपलेल्या बाईची तक्रार म्हणतो. देवीचे नाव घेतले की ती तक्रार घरचे ऐकतात, स्वतःच्या नावाने केली की मार बसतो. म्हणून ती देवी खोटी आहे एवढे सांगून भागत नाही. तक्रार खरी आहे. ती ऐकण्याची दुसरी जागा आपण दिली का?

महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्या गावोगाव जाऊन बायांची जट कापतात. कात्री काढण्याआधी त्या दोन-दोन, तीन-तीन तास त्या बाईशी आणि तिच्या घरच्यांशी बोलत बसतात. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २०१३ साली खून झाला, त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला, पण कायद्याने जट कापता येत नाही. ती तीन तासांच्या बोलण्यानेच कापली जाते. हे बोलणे विहारात व्हायला हवे होते.

आपल्या विहाराचे चित्र कसे आहे? आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि अश्विन पौर्णिमेला संपतो. या तीन महिन्यांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. ऐकायला बहुतेक बायाच असतात, पांढऱ्या साड्या नेसून, वेळेवर. वाचणारा पुरुष, समजावणारा पुरुष, आभार मानणारा पुरुष. समितीचा अध्यक्ष, सचिव, खजिनदार पुरुष. उपासिकांकडे खीर. थेरीगाथा ज्यांच्या परंपरेत आहे, त्या परंपरेच्या विहारात बाईला तीन महिने ऐकायचे काम! कोल्हापूरच्या गाभाऱ्यावर बोट ठेवताना आपली ओसरी बघायला नको का? नवरात्र बरोबर वर्षावासाच्या शेवटच्या पंधरवड्यात येते आणि तुळजापूरची कोजागरी म्हणजे आपली अश्विन पौर्णिमाच. एकाच चांदण्यात एक रस्ता तिकडे जातो आणि एक विहाराकडे. तिकडच्या रस्त्यावर गाणे आहे, सोबत आहे, बोलणे आहे. आपल्याकडे सतरंजी आहे आणि माईक आहे.

भीमगीते बायांनी जात्यावर रचली, ती आज डीजेवर पुरुष नाचवतात. बाबासाहेबांच्या मृत्यूनंतर घरातले देव पाण्यात सोडायला पहिल्यांदा हात कोणाचे पुढे झाले, ते आपल्या आज्यांना विचारा. नवऱ्याने भाषण ऐकले, पण कुळाचा टाक उचलून नदीवर नेला तो बायकोने, मुलाला काही झाले तर लोक तिलाच बोलणार हे माहीत असताना. ज्या बाईने तेवढे धाडस केले तिची नात परडी का झाकून ठेवते, याचे उत्तर नातीकडे नाही, आपल्याकडे आहे.

म्हणून या वर्षावासाच्या सांगतेपूर्वी प्रत्येक विहार समितीने निदान एवढे करावे. समितीत निम्म्या उपासिका घ्या, आणि कागदावर नव्हे, चेकवर सही करणाऱ्या. आठवड्यातून एक संध्याकाळ ग्रंथवाचन बाजूला ठेवून बायांना बोलू द्या, भन्तेजींनी आणि भाऊसाहेबांनी त्या दिवशी फक्त ऐकावे. वस्तीतल्या आपल्याच मुली आज नर्स आहेत, वकील आहेत, काही डॉक्टर झाल्या. त्यांना जयंतीला सत्कारापुरते बोलावता, त्याऐवजी महिन्यातून एकदा विहारात बसवा. मणक्याचे दुखणे, दारुड्या नवऱ्याची तक्रार, पोटगीचा अर्ज, सगळे तिथे आले पाहिजे. दारूचा गुत्ता विहारापासून शंभर पावलांवर असेल तर पहिला मोर्चा तिकडे काढा. अश्विन पौर्णिमेला बायांची सहल काढा, कार्ल्याला, लेण्याद्रीला, नाशिकच्या पांडवलेण्यांना, जिथे जमेल तिथे. रात्र बाहेर काढू द्या, गाणी म्हणू द्या, पुरुषांनी त्या दिवशी घरी पोरे सांभाळावीत. परडी असलेली बाई आली तर तिला परडीसकट येऊ द्या. ती फडताळात का ठेवली, हे ती सहाव्या-सातव्या बैठकीत आपणहून सांगेल.

आणि बैठक रात्री आठला ठेवू नका. त्या वेळी तिच्या घरी भाकरी चुलीवर असते.